गावाच्या मध्यावरची जमीन
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. आजवर या व्यासपीठावरून विद्यार्थी-साहाय्य, विवाहातील खर्च, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडलेले आहेत आणि स्मरणिकेच्या जुन्या अंकांतून ते आपण वाचलेलेही आहेत. आज आम्ही त्याहून निराळा, परंतु गेले वर्षभर मंडळाच्या प्रत्येक बैठकीत या ना त्या निमित्ताने डोकावून गेलेला विषय घेणार आहोत. तो विषय म्हणजे घर. आणि अधिक नेमके सांगावयाचे तर घराखालची जमीन.

अलोरे येथे कोयना प्रकल्पाच्या वसाहतीची जी जमीन आहे, तीपैकी काही भाग शासनाकडे मागून घ्यावा आणि तेथे आपल्या सभासदांची एक सहकारी गृहरचना संस्था उभारावी, अशी सूचना काही मंडळींनी केली, हे आपणांस ठाऊक आहेच. इच्छुकांची यादी तयार झाली आणि पाहता पाहता ती वाढली. त्या यादीत आमचेही नाव होते. हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढे जे बोलावयाचे आहे ते त्रयस्थ म्हणून नव्हे, तर तो मोह स्वतः अनुभवलेला माणूस म्हणून बोलावयाचे आहे.

प्रथम अलोरे म्हणजे काय, हे तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. चिपळूणहून कऱ्हाडच्या रस्त्याने कुंभार्ली घाटाकडे निघाले की सह्याद्रीच्या पायथ्याशी शिरगाव, पोफळी, कोळकेवाडी, अलोरे ही गावे लागतात. कोयनेचे पाणी वास्तविक पूर्वेकडे जावयाचे. ते डोंगर पोखरून पश्चिमेकडे वळविले आणि कड्यावरून खाली सोडून त्यापासून वीज निर्माण केली. पोफळीच्या भूगर्भातील वीजगृहाचा पहिला संच १९६२ मध्ये सुरू झाला. पोफळीहून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा एकदा वीज काढावी, या हेतूने तिसरा टप्पा हाती घेण्यात आला व त्याची ३२० मेगावॉटची यंत्रे १९७५ ते १९७८ या काळात चालू झाली. पुढे चौथ्या टप्प्यासाठी मार्च १९९९ मध्ये शिवसागर जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेण्यात आले आणि आणखी १,००० मेगावॉटची भर पडली. सर्व टप्पे मिळून आज या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राचे कारखाने आणि मुंबईचे दिवे ज्या विजेवर चालले, तीपैकी मोठा वाटा या डोंगराच्या पोटातून गेलेला आहे.

ही कामे करण्यासाठी अभियंते, ओव्हरसियर, कारकून, यांत्रिक, मजूर असा मोठा समुदाय येथे आला आणि त्यांच्यासाठी अलोऱ्यात वसाहत उभी राहिली. चाळीवजा घरे, बंगले, शाळा, दवाखाना, खेळाचे मैदान, बाजार असे एक छोटे शहरच म्हणा ना! आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांनी तेथे नोकरीची वर्षे काढली. कोणाची मुंज तेथे झाली, कोणाची मुलगी तेथूनच सासरी गेली. परंतु काम आटोपले तसा माणसांचा ओघही आटला. बदल्या झाल्या, निवृत्त झालेली मंडळी आपापल्या गावी किंवा मुंबई-पुण्यास गेली, आणि कित्येक घरे रिकामी पडली. कौले गेली, भिंतींवर गवत आले. ज्या घराच्या पडवीत आपण लहानपणी अभ्यास केला, त्या घरातून पिंपळ उगवलेला पाहिला म्हणजे मनाला काय वाटते, ते निराळे सांगावयास नको.

आता या जमिनीची मागणी एकाएकी का वाढली? याचे उत्तर अलोऱ्यात नसून वीसएक किलोमीटरवरच्या चिपळुणात आहे.

२२ जुलै २०२१ चा दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या पाण्याने सारे शहर व्यापले. तळमजले बुडाले, बाजारपेठेची धूळधाण झाली, माणसे दगावली. १६ वर्षांपूर्वी, २६ जुलै २००५ रोजीही असेच पाणी आले होते. परंतु या खेपेच्या पाण्याने जुन्या खुणा मागे टाकल्या. आमच्या निकटच्या आप्तांपैकी एका कुटुंबाने निवृत्तीची सारी पुंजी घालून तेथे तळमजल्यावर जागा घेतली होती. 'येथवर पाणी येत नाही,' असे विकणाऱ्याने त्यांस छातीठोकपणे सांगितले होते. पाणी ओसरल्यावर त्यांच्या कपाटातील कागदांचा लगदा झाला होता आणि त्या लगद्यात त्या जागेचे खरेदीखतही होते. ते कुटुंब आज ती जागा विकू म्हणते. घेणारा मिळत नाही.

पुरानंतर जलसंपदा खात्याने आखलेल्या पूररेषा हा शहरातील मोठ्या चिंतेचा विषय झाला. निळी रेषा म्हणजे सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवे घर बांधता येत नाही, आणि निळ्या व लाल रेषांच्या मध्ये बांधावयाचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून निदान ४५ सेंटिमीटर उंच घ्यावे लागते. शास्त्राच्या दृष्टीने यात गैर काहीच नाही. परंतु ज्याचे वडिलोपार्जित दुकान त्या रेषेच्या आत सापडले, त्याने काय करावे? चिपळूण बचाव समितीने २०२१ च्या अखेरीस उपोषण आरंभिले, त्या आंदोलनात नदीतील गाळ काढण्याच्या मागणीबरोबरच या रेषांविषयीचा रोषही होता. पुढे गाळ काढण्याचे कामही झाले. तथापि गाळ काढल्याने नदीची वाट मोकळी होते, नदीची जागा आपली होत नाही, एवढे विनयपूर्वक म्हटले पाहिजे.

नदीकाठी नको तर डोंगरावर जावे, असे कोणी म्हणेल. त्याच जुलै महिन्यात खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड घरांवर कोसळली आणि चिपळूणजवळच्या पेढे येथेही डोंगर खाली आला. सारांश, खाली पाणी आणि वर दरड अशा कात्रीत हा तालुका सापडलेला आहे. अशा ठिकाणी सपाट, पुरापासून दूर, रस्ता आणि शाळा जवळ असलेली जमीन म्हणजे सोन्याचा तुकडा होय. अलोऱ्याची वसाहत ही तशी जमीन आहे, आणि ती गावाच्या अगदी मध्यावर आहे. म्हणूनच तिच्यावर सर्वांची दृष्टी आहे. आपलीही आहे.

परंतु बंधुभगिनींनो, ही जमीन रिकामी असली तरी बेवारशी नव्हे. तिच्यावर हक्क सांगणारे आपल्या आधीचे लोक आहेत.

त्यांपैकी पहिले लोक तिवऱ्याचे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडी झोपेतच वाहून गेली. वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. जे वाचले त्यांना प्रथम कंटेनरच्या खोल्यांत दिवस काढावे लागले. नंतर श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यासाच्या अर्थसाहाय्याने त्यांच्यासाठी पक्की घरे बांधण्यात आली, ती याच अलोऱ्यात. पहिल्या टप्प्यात २४. पाण्याने उद्ध्वस्त झालेल्यांना पाण्याच्या वीजप्रकल्पाच्या जमिनीवर छप्पर मिळाले, हे या जमिनीचे मोठेच पुण्य म्हटले पाहिजे. परंतु यातही एक गाठ राहिली. माणसे अलोऱ्यात आली, तरी त्यांची शेते तिवऱ्यातच राहिली. सकाळी उठून गोठ्याकडे जाणाऱ्या माणसाचा गोठा जर दूरच्या गावी असेल, तर पक्के घर मिळूनही त्याचा दिवस कच्चाच राहतो. म्हणून काहींनी गावातच पुनर्वसन व्हावे असा आग्रह धरला. तो आग्रह हट्टाचा नव्हता. तो पोटाचा होता.

दुसरे लोक म्हणजे ज्यांची मूळ जमीन प्रकल्पासाठी गेली ते. आम्ही गेल्या पावसाळ्यापूर्वी अलोऱ्यास गेलो होतो, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस ओटीवर बसवून घेतले, पाणी दिले आणि मग शांतपणे एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आमच्या वडिलांनी जमीन दिली ती विजेसाठी. वीज झाली. आता उरलेली जमीन कोणाची? आमची, सरकारची, की तुमची?" 'तुमची' हा शब्द त्यांनी कडवटपणे उच्चारला नाही, तरीही तो आमच्या जिव्हारी लागला. परत येताना आम्हांस त्या यादीतील आपले नाव आठवत होते.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर काय येते, ते आम्ही समजून घेतले. एकदा सार्वजनिक कामासाठी संपादन होऊन ताबा घेतला की जमीन शासनाची होते. तिचा उपयोग उरला नाही तर ती दुसऱ्या सार्वजनिक कामास लावता येते, आणि तसे काम नसेल तर ती जाहीर लिलावाने विकावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये केरळमधील एका प्रकरणात म्हटलेले आहे. म्हणजे जुन्या मालकास ती आपोआप परत मिळत नाही. कायदा एवढे सांगून थांबतो. परंतु जी गोष्ट कायद्याने मागता येत नाही ती न्यायाने देऊच नये, असे कोठेही लिहिलेले नाही. नवी घरे बांधावयाची झाल्यास पहिल्या पंक्तीत कोणास बसवावयाचे, हे ठरविण्यास शासन मोकळे आहे आणि सुचविण्यास आपण मोकळे आहोत.

तिसरे लोक म्हणजे आजचे अलोरेकर. त्यांच्या शंका आम्ही ऐकल्या त्या अशा. मैदान जाईल काय? मुले तेथे खेळतात, गणपतीत आणि शिमग्यात माणसे तेथे जमतात. पाणी पुरेल काय? कोयनेचे प्रचंड पाणी शेजारून वाहत असले तरी गावाच्या नळास एप्रिल-मेमध्ये किती पाणी येते हा निराळा हिशेब आहे. सांडपाणी कोठे सोडणार? उतारावरचा ओढा खालच्या वाडीतून जातो. नवी मंडळी बंद घरे बांधून मुंबईस राहतील, तर गावास त्यांचा उपयोग कोणता? आणि तीच मंडळी बारमाही राहावयास आली, तर गावाच्या कारभारात जुन्या माणसांचा शब्द चालेल काय? उलट काही जण असेही म्हणाले की, नवी कुटुंबे आली तर शाळेत मुले वाढतील, दुकान चालेल, दवाखान्यात डॉक्टर टिकेल. या शंकांस 'विकासास विरोध' असे नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु आपल्या घरासमोर कोणी खुंट्या ठोकू लागले तर आपणही हेच प्रश्न विचारू, हे मनाशी प्रामाणिकपणे कबूल करावे.

आता हे सारे ठरते कसे, ते पाहू. आपल्या राज्यात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला. नगरपालिका असलेल्या शहरासाठी विकास आराखडा होतो आणि त्यात कोणती जमीन निवासी, कोणती व्यापारी, कोणती शेतीची, कोठे शाळा, कोठे उद्यान, हे रंगांनी दाखविले जाते. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी तीस दिवस मिळतात, आणि हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते. अलोऱ्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावास स्वतंत्र आराखडा नसतो. तेथे रत्नागिरी-सिंधुदुर्ग प्रादेशिक योजना लागू आहे, आणि त्या योजनेत एखाद्या जमिनीचा विभाग बदलावयाचा झाल्यास त्याचीही जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. शासकीय जमीन कोणास द्यावयाची, ते शासकीय जमिनींच्या विल्हेवाटीच्या १९७१ च्या नियमांनी ठरते. म्हणजे दरवाजे आहेत. ते उघडण्याची वेळ मात्र फार थोडी असते. तीस दिवसांची सूचना वृत्तपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात येते, आणि आपणांस जाग येते ती जेसीबीच्या आवाजाने.

नकाशावरच्या शब्दांकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, याचा अनुभव आपल्या ज्ञातीने मुंबईत घेतलेला आहे. आपले कित्येक वाडवडील कोकणातून गिरणगावात गेले. लालबाग-परळच्या चाळींतील एकेका खोलीत दहा दहा माणसांनी पाळीपाळीने झोपून संसार केले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ते जग संपले. गिरण्यांच्या जमिनीचे काय करावयाचे, यासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम घालण्यात आला. ढोबळ मानाने त्याचा अर्थ असा होता की, एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी, एक हिस्सा सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला हिस्सा मालकाने विकासासाठी घ्यावा. १९९६ मध्ये वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचविला. परंतु २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी करावयाची ती सगळ्या जमिनीची नव्हे, तर ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीची, असा तिचा परिणाम झाला. गिरणीच्या आवारात जेथे तेथे शेड, गोदाम, चिमणी! मोकळी जमीन अशी उरते किती? वाट्याला आलेली मोकळी जागा आणि घरे दोन्ही आक्रसली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथे २००५ मध्ये निकाल नागरिकांच्या बाजूने लागला. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि आपल्या बापजाद्यांच्या घामावर उभ्या राहिलेल्या जमिनीवर काचेचे मनोरे उभे राहिले. २००१ साली त्या दुरुस्तीकडे आपल्यापैकी किती जणांचे लक्ष होते? आमचे तरी नव्हते.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, अलोऱ्याच्या जमिनीबाबत अर्ज करण्याआधी नकाशा मागितला पाहिजे. जमीन एकूण किती, तीपैकी प्रकल्पास अजून लागणारी किती, इमारतींखाली किती, उतार कोठे, ओढा कोठे, हे एका कागदावर यावे आणि तो कागद ग्रामसभेपुढे यावा. वाटणीचे प्रमाण ठरवावयाचे ते सगळ्या जमिनीवर ठरवावे. पडीक इमारतींखालची जमीनही त्या हिशेबात धरावी. गिरणगावाने शिकविलेला धडा हाच आहे.

दुसरे म्हणणे घरांच्या रचनेविषयी आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्रातच दोन उदाहरणे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. हेतू उदात्त होता. परंतु रुंद सरळ रस्ते आणि लांब लांब घरे अशा शहरी आखणीत गोठा, खळे, शेजार यांची जुनी घडी बसेना. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे गेली. नवे माळीण एप्रिल २०१७ मध्ये मोठ्या समारंभाने लोकांच्या स्वाधीन झाले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या जोरदार पावसात भरावाची माती खचली, रस्ते आणि गटारे उखडली. भराव बसण्यास पावसाळे जाऊ द्यावे लागतात. उद्घाटनाची तारीख त्यासाठी थांबत नाही. अलोऱ्यात पाऊस माळीणपेक्षा कमी नाही. शिवाय ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांनी अनुभवला, त्यांना जमीन हलते म्हणजे काय हे ठाऊक आहे. तेव्हा जुनी घरे पाडून त्यांच्याच जोत्यांवर घाईने मजले चढविण्याऐवजी मातीची परीक्षा व्हावी, घरे भूकंपाचा धक्का सोसतील अशी असावीत, आणि तिवऱ्याहून आलेल्यांसारख्या शेतकरी कुटुंबांना घराबरोबर गोठ्याचीही जागा मिळावी.

तिसरे म्हणणे क्रमाविषयी आहे. मंडळाने शासनाकडे आणि ग्रामपंचायतीकडे लेखी सूचना द्यावी, तीत पुढील क्रम असावा असे आम्हांस वाटते. प्रथम, आपत्तीत घर गमावलेली तालुक्यातील कुटुंबे. त्यानंतर, ज्यांची जमीन या प्रकल्पासाठी गेली आणि ज्यांच्या पुढच्या पिढीस राहावयास जागा नाही, ती अलोरे-कोळकेवाडी परिसरातील कुटुंबे. त्यानंतर, चिपळुणात निळ्या रेषेच्या आत राहणारी आणि स्थलांतर करू इच्छिणारी कुटुंबे. या सर्वांची गरज भागल्यावर काही उरले तर आमच्या-आपल्यासारखे, म्हणजे ज्यांचे मुंबईस किंवा पुण्यास एक घर आहेच आणि ज्यांना गावाकडे दुसरे हवे आहे. मैदान, शाळा आणि बाजार यांची जागा या कोणत्याही वाटणीच्या बाहेर ठेवून नकाशावर कायमची आरक्षित करावी. आणि मिळालेले घर काही वर्षे विकता येऊ नये. नाहीतर विस्थापितासाठी बांधलेले घर दोन पावसाळ्यांत दलालाच्या पिशवीत जावयाचे.

येथे कोणी विचारील की, मग मंडळाने ज्ञातीसाठी काय केले? सभासदांनी वर्गणी द्यावयाची ती दुसऱ्यांच्या घरांसाठी काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टाळू नये. ज्ञातिमंडळे निघाली ती आपल्यातील मागे पडलेल्यास हात देण्यासाठी. वसतिगृह काढले ते ज्याच्या घरी दिवा नव्हता त्या मुलासाठी; ज्याचे घर चौपाटीवर होते त्याच्यासाठी नव्हे. तोच न्याय जमिनीस लावून पाहा. आपल्या यादीतील नावे आम्ही चिटणिसांच्या परवानगीने एकवार वाचली. त्यांतील बहुतेकांस स्वतःचे घर आहे. ज्यांना ते नाही, ज्यांची जागा पुरात गेली, अशी कुटुंबेही त्यांत आहेत. परंतु ती थोडी आहेत आणि यादीच्या तळाशी आहेत, कारण अनामत भरण्यास त्यांना वेळ लागला. बंधुभगिनींनो, ही यादी जर उलटी वाचली तर ती न्याय्य होईल!

त्या थोड्या कुटुंबांसाठी मंडळाने अवश्य झगडावे. त्यांचे अर्ज भरून द्यावेत, पंचनाम्याचे कागद मिळवून द्यावेत, हरकतींच्या सुनावणीस त्यांच्याबरोबर माणूस पाठवावा. ती कुटुंबे आपल्या ज्ञातीची म्हणून नव्हे, तर आपत्तीग्रस्त म्हणून पहिल्या क्रमातच बसतात, आणि त्या क्रमात त्यांच्या शेजारी अन्य ज्ञातींची कुटुंबेही असणार. तेथे ज्ञातींच्या निरनिराळ्या चाळी व्हाव्यात असे आम्हांस वाटत नाही. वसाहतीच्या भरभराटीच्या दिवसांत एका भिंतीपलीकडे कोण राहतो हे कोणी विचारीत नसे. पलीकडून वाटी आली की इकडून वाटी जात असे. त्या जमिनीचा तो गुण आपण घालवू नये.

उरलेल्या सभासदांच्या ठेवीच्या रकमा त्यांस परत कराव्यात. आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी त्या रकमेचा काही अंश नियोजनविषयक कामासाठी मंडळाकडे ठेवावा. जिल्ह्यातील नगररचनेच्या जाहीर सूचना दरमहा पाहणे, त्या सोप्या मराठीत सभासदांस कळविणे आणि मुदतीत हरकत नोंदविणे, एवढे काम करणारी तीन माणसांची समिती मंडळाने नेमावी. आपल्यात निवृत्त अभियंते आहेत, वकील आहेत, तलाठी म्हणून आयुष्य घालविलेली मंडळी आहेत. सातबारा वाचता येणारी आणि नकाशाचे रंग कळणारी ही माणसे सत्यनारायणाच्या पूजेस जमतात, तशी महिन्यातून एकदा या कामास जमली तर बिघडेल काय?

आमचे स्वतःचे नाव आम्ही त्या यादीतून काढून घेतले आहे. यात थोरपणा काही नाही. खरे सांगावयाचे तर नाव काढताना हात अडखळला. वसाहतीतल्या त्या ओळखीच्या वळणावर, आंब्याखाली, निवृत्तीनंतर एक खुर्ची टाकून बसावे, असे चित्र आम्ही मनात पुष्कळ दिवस रंगविले होते. घरच्या मंडळींनीही विचारले, "मग आपण गावी राहावयाचे कोठे?" त्यांस आम्ही सांगितले की, पाहुणे म्हणून जाऊ. ज्या गावाने आपणांस नोकरीच्या निमित्ताने एकदा घर दिले, त्या गावाकडे दुसऱ्यांदा घर मागण्यापूर्वी, त्या गावाच्या लोकांस आणि त्या तालुक्यातील बेघरांस ते मिळाले की नाही, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नास त्या दिवशी आम्ही उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज या सभेने वरील सूचनांचा ठराव म्हणून विचार केला आणि तो संमत केला, तर पुढच्या खेपेस त्यांच्या ओटीवर बसून उत्तर देता येईल. ठराव नामंजूर झाला तरी आमची तक्रार नाही. परंतु तो चर्चेवाचून बाजूस पडू नये, एवढीच अध्यक्षमहाराजांस विनंती आहे.